बिजागरी

ओहायोहून खोका आला
बोरी पुलाजवळच्या माझ्या शेडमध्ये.
आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि त्यात ग्रीसमध्ये न्हालेली
डाव्या दाराची वरची बिजागरी.
एकोणसत्तर साली बनलेली, एकदाही न वापरलेली,
माझ्याहून अकरा वर्षांनी थोरली आणि अजून कोरी.
पाठीवर सात आकडी नंबर.
कुडतरीच्या कायतान फुर्तादोंनी तो भिंगातून दोनदा वाचला,
मग भिंग पुसलं, मग डोळे.

गाडी डॉज चार्जर. दारं दोनच,
पण एकेक दार उचलायला दोन माणसं लागतात.
त्यांच्या थोरल्या भावाने कुवेतहून आणली.
मुरगावला क्रेनने उतरवली तेव्हा
धक्क्यावरच्या हमालांनी पैज लावली होती म्हणे,
ही आपल्या वळणांवर वळायचीच नाही.
वळली.
पुढे चाळीस वर्षं तिने लोकांची लग्नं लावली,
कार्निव्हलात निळी झाली, कुणा नवरीसाठी पांढरी,
एका निवडणुकीत, जाऊ दे, कुठली ते.
मी ब्लेडने थर खरवडत गेलो.
डॅशबोर्डच्या पोटात, जिथे ऊन कधी पोचलं नाही,
तिथे सापडला तिचा मूळ हिरवा,
विहिरीच्या आतल्या चिऱ्यावर असतो तसला.

फुर्तादोंची अट एकच:
कंपनीतून निघाली तश्शी. नटाचं डोकंसुद्धा त्या काळचं.
म्हणून दोन वर्षं मी नुसता काढतोय.
ॲम्बॅसॅडरचा हॉर्न.
बार्जच्या इंजिनाचा पंप.
माशेलात कुणीतरी ठोकून बनवलेला सायलेन्सर.
सीटखालून रोजरीचा एक मणी.
(तो राहू दे, म्हणाले.)

आज हे दार.
जुनी बिजागरी सोडवली, तर आत पितळी बुश.
हातात घेण्याआधीच ओळखला.
कडेला तिरकी खाच:
बाबांची लेथ नेमकी तिथे अडखळायची.
खाणीच्या ट्रकांतून सवड मिळाली की
ते असली कामं घेत. पार्ट कुठून मिळणार तेव्हा?
आईच्या फुटक्या समईचं बूड
त्यांनी चकमध्ये धरलं होतं.
आई तीन दिवस बोलली नाही.
मी आठवीत. पितळेच्या कुरळ्या कातरणी
माझ्या कंपासपेटीत पावसाळाभर.

बिलात एक रकाना आहे: काढलेला डुप्लिकेट माल.
लिहिलं, बुश, पितळ, नग एक.
एकतीस वर्षं दार पेललं त्याने.
त्याला रकाना नाही.

आणि ओहायोची बिजागरी बसेना.
बसली, पण दार अर्धं सूत खाली लटकलं,
कुलपाची जीभ भलतीकडेच चाचपडू लागली.
गाडी थांबली नव्हती ना तिच्यासाठी.
बाबांच्या मापाशी जुळवून घेत घेत
सगळा खांबच जरासा कलला होता.
संध्याकाळपर्यंत ठोकलं, तापवलं, शिव्या दिल्या.
नदीवरून खारा वारा आला,
उघड्या पत्र्यावर त्याने लगेच काम सुरू केलं.

शेवटी बुश चकमध्ये धरला.
त्याच लेथवर. अजून तिथेच अडखळते.
अर्ध्या सुताची एक चकती कापली,
पिनवर सरकवली, वर ओहायो, खाली ओहायो,
त्यावर ग्रीस.

सकाळी फुर्तादोंनी दार लावलं.
ठप्प.
उघडलं. ठप्प.
बारा-पंधरा वेळा तरी. शेजारच्या गादेवाल्याने मान वर केली.
"सगळें ओरिजिनल न्ही?"
मी फडक्याला हात पुसत राहिलो.
"आवाज ऐका," म्हटलं.

उरलेला बुश खिशातच राहिला.
रात्री शर्ट भिजत घालताना बायकोने काढला,
बल्बखाली फिरवून पाहिला.
"कशाचं हे?"
समईचं, म्हटलं.